सत्तावीस नंबरचा पहारा

१

वरकुट्याच्या विठ्ठल मंदिरात सप्ताहाचा पाचवा दिवस उजाडला आणि अंगणापलीकडच्या अभ्यासिकेच्या दारावर एक कागद डकवलेला दिसला.

'सभासद क्रमांक २७ यांनी आपले नाव व पासवर्ड दुसऱ्यास वापरण्यास दिल्याचे उघड झाले आहे. नियमाप्रमाणे त्यांचा इंटरनेट प्रवेश एक वर्षासाठी बंद. अंतिम निर्णय रविवारी सकाळी दहा वाजता, समितीच्या बैठकीत.'

माणसाचं नाव लिहिलं नव्हतं. त्याची गरजही नव्हती. सत्तावीस नंबर म्हणजे प्रतिक्षा, हे काकड्याला आलेल्या बायकांनासुद्धा ठाऊक होतं. चहा पिऊन होईपर्यंत ते साऱ्या गावाला ठाऊक झालं.

संध्याकाळी हरिपाठ आटोपला, टाळ पेटीत गेले, तरी सावळारामतात्या मंडपातच बसून होते. प्रतिक्षा आली, पाया पडली आणि तिथंच बसली. बारामतीच्या दवाखान्यातली ड्यूटी करून सरळ एसटीनं आलेली. अंगावर अजून नर्सचाच पांढरा कोट होता.

"तात्या, मी दिलं न्हाय."

"काय दिलं न्हाईस, पोरी?"

"पासवर्ड. आईशप्पत कुनालाच दिला न्हाय. महिन्यावर सरकारी भरतीची परीक्षा आली. तिचे सराव पेपर सगळे ऑनलाइन. आमच्या वस्तीवर तर फोनला एक काडी रेंज येत न्हाय. हितनं बाहेर काढलं तर मी बसू कुठं?" एवढं बोलून ती थांबली. मग हळूच म्हणाली, "आन परीक्षा गेली तर पुढच्या वर्षी येईल. पर समितीचे अध्यक्ष दादासाहेब सगळ्यांदेखत म्हनले, 'खोटं बोलू नको.' ते कसं पुसायचं?"

तात्यांनी तिच्याकडं पाहिलं. बत्तीस वर्षं साखर कारखान्याच्या गेटावर टाइमकीपर म्हणून त्यांनी माणसांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहिल्या होत्या. उशिरा येऊन वेळेवर आलो म्हणणारा डोळ्याला डोळा देत नाही, हे त्यांना त्या खिडकीनं शिकवलं होतं. ही पोरगी सरळ बघत होती.

"काल नेमकं काय झालं, ते पयल्यापास्नं सांग."

"काल गुरुवारी मी पावनेसहाला गाडीतनं उतरले. दहा मिन्टांत अभ्यासिकेत आले. फोनवर पान उघडलं, सत्तावीस घातला, पासवर्ड घातला. तर पानावर आलं, 'हे नाव सध्या दुसऱ्या फोनवर सुरू आहे.' मीच दिग्विजयला दाखवलं, तात्या! चोर असते तर मीच कशाला दाखवलं असतं?"

तात्यांनी मांडीवर हलकेच थाप मारली. "जेवून जा. रविवारला अजून दोन दिस हायेत."

बोलून गेले खरे. पण ती गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की ते इंटरनेटचं पान आपण आयुष्यात एकदाही उघडलेलं नाही.

२

दिग्विजय हा अभ्यासिकेचा सारा कारभार बघणारा. वय सव्वीस, दाढी कोरलेली, खिशात कायम स्क्रू ड्रायव्हर. शनिवारी सकाळी तात्यांनी त्याला गाठला.

"हे बघा तात्या, सोपं हाय. अभ्यासिकेचं वाय-फाय धरलं म्हंजे लगेच नेट येत न्हाय. आधी एक पान उघडतं. त्यात आपला सभासद नंबर घालायचा, पासवर्ड घालायचा. जुळलं तर दार उघडतं. दोन तासांनी आपोआप बंद. मग पुन्यांदा पान. आन एका नावावर एका टायमाला एकच फोन."

"म्हंजे आमच्या टाइम ऑफिसची खिडकीच की ही! बिल्ला दाखवल्याबिगर आत सोडायचं न्हाय."

"अगदी बरोबर. आन खिडकीमागं कोन आलं-गेलं ते लिहून ठेवणारा असतो ना, तसं ह्ये यंत्र लिहितं." त्यानं लॅपटॉप वळवला. "ह्या सप्त्यातला सत्तावीस नंबर बघा."

तात्यांनी चष्मा वर सरकवला आणि जुन्या सवयीनं खिशातल्या डायरीत उतरवून घेतलं.

सोमवार, बारा चार ते दोन एक. मंगळवार, बारा तीन ते दोन दोन. बुधवार, बारा पाच ते दोन. गुरुवार, चार सहा ते सहा एक.

"शुक्रवारी?"

"सकाळीच नाव बंद केलं. मग कोन कसं येईल?"

"ह्या वेळंला प्रतिक्षा बारामतीत ड्यूटीवर असती. तिथं अंगठा लावावा लागतो."

"म्हनूनच तर! ती तिकडं, आन तिचं नाव हिकडं. म्हंजे तिनं दुसऱ्याला दिलं. दादासाहेबांचा मुद्दा त्योच हाय." दिग्विजयनं खांदे उडवले. "मागल्या साली दुसऱ्या गावची पोरं भिंतीला टेकून शिनेमे बघायची, उसन्या पासवर्डावर. आपल्या पोरांचे पेपर अडकायचे. तवापास्नं दादासाहेबांनी नियम केला. त्यांचंबी चुकत न्हाय."

"ह्या फोननं काय बघितलं, ते कळतं का?"

"ते न्हाय कळत. किती माल आला, किती गेला, एवढंच." तो पडद्याकडं बघून थबकला. "हां, एक इचित्र हाय. माणसं नेटवरनं घेतात जास्त, पाठवतात कमी. ह्यानं पाठवलंय ढीगभर. घेतलंय त्याच्या मानानं थोडकं."

"हा फोन पयल्यांदा कवा आला?"

"दसऱ्याला. मग दिवाळीनंतर कधीमधी, दोन-चार मिन्टं. आन आता सप्त्यात रोज दोन तास."

"आन पासवर्ड कुनाकुनाला दिसतात?"

दिग्विजयचा चेहरा उतरला. "मला दिसतात. सगळ्यांचे." मग जरा आवाज चढवून, "माझ्यावर संशव घेताय का, तात्या?"

"खिडकीत बसणाऱ्यावर पयला संशव घ्यायचा, हे मी माझ्याच नोकरीत शिकलो, बाबा. रागावू नको. मी बत्तीस वर्सं संशवातच काढली."

दिग्विजय हसला. पण उठताना त्यानं लॅपटॉप जरा घाईनंच मिटला, असं तात्यांना वाटलं.

३

प्रतिक्षाच्या शेजारच्या टेबलावर बसणारा युवराज त्याच परीक्षेची तयारी करत होता. दोघांची चढाओढ गावभर माहीत. तो मंदिरामागच्या चुलाणावर आमटीचं पातेलं ढवळत होता.

"तिचा पासवर्ड तुला ठावा हाय?" तात्यांनी नमनाला वेळ घातला नाही.

"ठावा हाय," युवराज म्हणाला. तात्या चमकले. "महिनाभर शेजारी बसतोय. ती टाइप करताना मनाशी पुटपुटती. बहिऱ्यालाबी पाठ होईल. पन तात्या, मला माझं सोताचं नाव हाय, तिचं कशाला घेऊ? आन बारा ते दोन मी पंगतीत वाढत असतो. तुमाला रोज दोन वाजता भाकरी कोन वाढतं?"

खरंच की. वीणेचा पहारा संपवून तात्या जेवायला बसत, तेव्हा हाच वाढायला असे. वर चेष्टाही करी, 'तात्या, ईना खाली ठेवायची न्हाय, पर भूक तरी खाली ठेवा!'

"तिला काढलं तर तुझा फायदाच हाय म्हना."

युवराजनं पळी बाजूला ठेवली. "असं कसं म्हनता, तात्या? ती हाय म्हनून मी अभ्यास करतो. ती नसली तर मी दुपारचा झोपा काढीन." त्यानं पाकिटातून एक चिठ्ठी काढली. "ही माझी. बघा, जपून ठेवलीय. मला पाठ होत न्हाय तिच्यागत."

छापील चिठ्ठी होती. वर फक्त नंबर, खाली पासवर्ड. नाव कुठंच नाही. एका कोपऱ्यावर लाल डाग पडलेला.

"हे कसलं?"

"कुंकू, तात्या. दसऱ्याचं! तुमीच तर पूजा केली न्हवं का?"

तात्यांना आठवलं. अभ्यासिकेचा दसरा. शेतकरी विळे-कोयते पुजतात, तशी पोरांनी पाटावर वाय-फायचा तो दिवे लुकलुकणारा डबा मांडला, दिग्विजयचा स्क्रू ड्रायव्हर मांडला आणि सगळ्यांच्या चिठ्ठ्या ताटात ठेवल्या. हळद-कुंकू, झेंडूची फुलं. आरती झाल्यावर ज्यानं त्यानं आपापली चिठ्ठी उचलली. तात्यांनी साखर-खोबरं वाटलं. दादासाहेब म्हणाले होते, 'आता ह्या यंत्राला बिघडायची छाती व्हायची न्हाय.'

संध्याकाळी त्यांनी प्रतिक्षाला विचारलं, "तुझी चिठ्ठी दाखव बरं."

"ती कुठाय आता? पूजेला ठेवली, त्या दिशी ड्यूटीवर गेले. परत घेतलीच न्हाय. मला पाठच होता की."

डायरीत तात्यांनी एक ओळ लिहिली. 'सत्तावीसची चिठ्ठी मालकिणीकडं नाही.' आणि तिच्याखाली दोन रेघा मारल्या.

४

खरं तर शनिवारी दुपारीच सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर उभं होतं. त्यांना दिसलं मात्र रविवार उजाडता उजाडता.

सप्ताहात सात दिवस वीणा जमिनीला टेकवायची नसते. दोन-दोन तासांचे पहारे लावतात. एकानं पाया पडून दुसऱ्याच्या गळ्यातून ती आपल्या गळ्यात घ्यायची, आणि नामाचा धागा तुटू द्यायचा नाही. पहाऱ्यांची यादी तीस वर्षं तात्याच करत आले होते. बारा ते दोन हा सगळ्यांत अवघड पहारा. माणसं पंगतीला, कीर्तनकार विश्रांतीला, मंडप ओस. तो कुणी मागत नाही, म्हणून यादीत तिथं सातही दिवस एकच नाव: सावळाराम.

त्या पहाऱ्याला मृदंग नसे. अकरा वर्षं नव्हता. त्याआधी म्हस्कू असे.

म्हस्कू म्हणजे मेंढरांमागं हिंडणाऱ्या घरातला, बोटांत पाऊस घेऊन जन्मलेला माणूस. तात्यांच्या गळ्याला आणि म्हस्कूच्या ठेक्याला पंचक्रोशी जोडीनंच ओळखायची. अकरा वर्षांपूर्वी काल्याच्या कीर्तनात, भरल्या मंडपात, तात्यांनी मागं वळून सांगितलं होतं, 'म्हस्कू, हात आवर, ताल सुटतोय.' म्हस्कूनं मृदंग कापडात गुंडाळला, पांडुरंगाला नमस्कार केला आणि तो मंडपातून गेला, तो परत आला नाही. ताल कुणाचा सुटला होता, हे तात्यांना त्याच रात्री उमगलं होतं. सांगायला जायचं मात्र राहून गेलं.

दिवाळीनंतर म्हस्कू पडला. खुब्याचं हाड मोडलं. बारामतीला लेकीकडं खाटेवर होता. गुरुवारी तात्या डोळे तपासायला बारामतीला गेले, तेव्हा त्या गल्लीच्या तोंडापर्यंत पोचले होते. हातात केळीही घेतली होती. तिथून परत फिरले. केळी एसटीत शेजारच्या म्हातारीला देऊन टाकली.

रविवारी पहाटे काकडा संपल्यावर ते मंडपात एकटेच भिंतीवरची यादी बघत बसले. सवयीनं एकेक ओळ तपासत. गुरुवार, बारा ते दोन: सावळाराम. तात्या स्वतःशीच हसले. कारखान्यात असती तर ही नोंद त्यांनी लाल शाईनं खोडली असती. गुरुवारी ते बारामतीत होते. आबासाहेबांशी अदलाबदल केली होती. आबासाहेब बाराला उभे राहिले, तात्या चारला. तोंडी ठरलेलं, यादीत लिहायचं राहिलेलं.

चारला.

त्यांनी डायरी काढली. सोमवार, मंगळवार, बुधवार, बाराच्या पुढं दोन-चार मिनिटं. गुरुवारी मात्र चार सहा.

बारा ते दोन ही वेळ कुणाला सोयीची, हेच सगळे शोधत होते. पण तो फोन वेळेमागं चाललाच नव्हता. तो माणसामागं चालला होता. यादीतल्या नावामागं नव्हे, खरोखर वीणा गळ्यात असलेल्या माणसामागं. आणि हे ज्याला समजलं, तो त्या वेळी मंडपातच असला पाहिजे.

तात्यांची नजर सावकाश डावीकडच्या तिसऱ्या खांबाकडं गेली. सोमवारपासून गुरुवारपर्यंत तिथं रोज एक जण टेकून बसलेली असे. पदराखाली हात. माळ ओढत असेल, असं त्यांना वाटायचं. शुक्रवारी आणि शनिवारी ती जागा रिकामी होती.

५

म्हस्कूची बायको सिंधुबाई अभ्यासिका झाडायची. झाडता झाडता पोरांच्या उघड्या वह्या हलक्या हातानं मिटून ठेवायची, आतलं एक अक्षर वाचता येत नसताना. शनिवारी येता-जाता तिनं तात्यांना विचारलंही होतं, 'त्ये लई दिस बंद राहनार का वो?' तात्यांना वाटलं, प्रतिक्षाची काळजी करतेय.

रविवारी सकाळी आठला तात्या तिच्या दारात उभे राहिले. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

"राम कृष्ण हरी, वैनी."

ती चुलीपुढून उठली. दारात कोण आहे ते बघून तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला. मग म्हणाली, "या. बसा. च्या टाकते."

"च्या घेनार. आधी एक इचारू? तुमचा फोन अभ्यासिकेच्या नेटवर चालतो?"

"चालत व्हता," ती सरळ म्हणाली. "परवापास्नं पान लाल येतंय. आदी हिरवं बटन यायचं. ते दाबलं की लेक दिसायची, मालक दिसायचे. काय बिघडलं वो?"

तिच्या आवाजात चोरी नव्हती.

"नंबर कुनी घालून दिला?"

"दिग्विजयनं. दसऱ्याच्या दिशी. त्याला म्हनलं, एवढं माज्या फोनात घाल बाबा. त्यानं घातलं. म्हनला, आता फोनच ध्यानात ठेवंल, मावशी. तुमी फकस्त बटन दाबा."

"आन चिठ्ठी?"

ती आत गेली. देव्हाऱ्यातल्या टाकांखालून तिनं एक घडी घातलेला कागद काढला, कपाळाला लावला आणि त्यांच्या हातावर ठेवला. हळदीनं पिवळा झालेला, कुंकवानं माखलेला. सत्तावीस.

"ही तुमाला दिली कुनी, वैनी?"

सिंधुबाईनं त्यांच्याकडं असं पाहिलं, जणू हा माणूस चेष्टा करतोय.

"म्हंजे? तुमीच की!"

६

दहा वाजता अभ्यासिकेत समिती बसली. मध्ये दादासाहेब, सदऱ्याची इस्त्री कडक, मिशी त्याहून कडक. दिग्विजय, युवराज, आबासाहेब आणि वीस-पंचवीस पोरं-पोरी. प्रतिक्षा भिंतीशी उभी. दाराशी सिंधुबाई. तिला तात्यांनी आधीच विचारलं होतं, 'नाव घेऊ का?' ती म्हणाली होती, 'घ्या. पर मालकांचं हसं करू नका.'

"बोला तात्या," दादासाहेब म्हणाले. "पर लवकर. बाराला तुमचा पहारा हाय."

"लवकरच बोलतो. ह्या फोननं माल घेतला कमी, पाठवला जास्त. म्हंजे कुनी काही बघत न्हवतं, दाखवत व्हतं. आता हे दाखवणं कवा चालायचं? सोम, मंगळ, बुध, बारा ते दोन. गुरुवारी चार ते सहा. हे माझे पहारे हायेत, दादासाहेब. यादीतले न्हवं, खरे. माझी गुरुवारची अदलाबदल यादीत न्हाय. मंडपात बसलेल्यालाच ती कळनार."

"म्हंजे तुमाला दाखवत व्हतं कुनी?" आबासाहेब उडालेच. "तुमच्यात बघन्यासारखं काय हाय?"

पोरं हसली. तात्याही हसले.

"तेच कोडं मला पडलं. त्यो फोन सिंधुबाईंचा. तिसऱ्या खांबाशी बसून, पदराआडनं, त्या माझा पहारा बारामतीला दाखवत व्हत्या. म्हस्कूला." त्यांनी अंगणापलीकडच्या मंडपाकडं हात केला. "गुरुवारी मी चारला उभा राहिलो, म्हनून सहापर्यंत फोन चालू राहिला, आन प्रतिक्षा गाडीतनं उतरून आली तवा त्याच नावावर अडखळली. मी वेळ बदलली नसती, तर हे कुनाला कळलंच नसतं."

"ते समदं ठीक," दादासाहेब पुढं झुकले. "पन पोरीनं नाव दिलं म्हनूनच चाललं ना?"

"पोरीनं न्हाय दिलं. दसऱ्याला तिची चिठ्ठी पूजेच्या ताटात राहिली. समद्यांनी आपापल्या उचलल्या, ही एक उरली. मी प्रसाद वाटत व्हतो. ह्या झाडू ठेवून शेवटी आल्या. हातावर द्यायला पान न्हवतं, म्हनून ताटातला एक कागद उचलला, त्याच्यावर खोबरं ठेवलं आन दिलं. त्या मागं सरल्या. म्हनल्या, 'हे पोरांचं हाय, मला कशाला?' मी म्हनलो, 'देवापुढचं हाय, न्हाय म्हनायचं न्हाय. तुमचाबी ह्या जागंवर हक्क हाय.' त्यांनी कागद देव्हाऱ्यात ठेवला. हक्क मिळाला म्हनून फोनात घालून घेतला. ह्याच्यात त्यांचं काय चुकलं?"

दिग्विजय कपाळाला हात लावून बसला होता.

"त्या दिवशी मी तीस फोन चालू करून दिले," तो पुटपुटला. "मावशींचा नंबर सभासदांच्या वहीत बघितलाच न्हाय. काल तुमाला दसऱ्याचं सांगितलं, तवा मनात आलं व्हतं. भ्यालो आन गप बसलो."

तात्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "नियम काय सांगतो? जो नाव-पासवर्ड दुसऱ्याला देईल, त्याला वर्षभर बंदी. दिलं मी. लिहा माझं नाव."

दादासाहेबांनी पेन उचललं, खाली ठेवलं. "तात्या, तुमाला बंदी घालून काय उपेग? तुमाला साधा फोन उचलता येत न्हाय!"

सगळी अभ्यासिका हसली. दादासाहेब हसले नाहीत. ते उठले, दारापाशी गेले, स्वतः डकवलेला कागद त्यांनी सावकाश काढला आणि भिंतीशी उभ्या असलेल्या पोरीसमोर येऊन थांबले.

"प्रतिक्षा, मी सगळ्यांदेखत तुला खोटी म्हनलो. आता सगळ्यांदेखत म्हनतो, माझं चुकलं. आजपास्नं अभ्यासाला बस. पासवर्ड मातर बदल. आन टाइप करताना पुटपुटू नको."

आता मात्र ती रडली. युवराज खिशात रुमाल शोधत राहिला. सापडेना, तेव्हा त्यानं गळ्यातला पंचाच पुढं केला. त्याला आमटीचा वास येत होता. तिनं तो घेतला.

एवढ्या सोप्या शब्दांत चूक पदरी घेता येते, हे तात्या बघत राहिले. आपल्याला अकरा वर्षं जमलं नव्हतं.

७

बाराला पाच कमी असताना तात्यांनी वीणा गळ्यात घेतली. समितीनं एक नवी चिठ्ठी काढली होती. क्रमांक एकेचाळीस. वहीत नाव: म्हस्कू, मृदंगवाले. दिग्विजयनं या वेळी वही दोनदा तपासली.

तिसऱ्या खांबाशी आज एक पाट उभा केला होता. त्याला टेकवून सिंधुबाईचा फोन. आता पदराआड नव्हे, उघड्यावर. प्रतिक्षानं पान उघडलं आणि नंबर घातला.

"मावशी, बटन तुमी दाबा."

सिंधुबाईनं हात पदराला पुसले आणि हिरवं बटन दाबलं.

पडद्यावर आधी छत दिसलं, मग खाटेचा दांडा, मग लेकीचा हात. मग म्हस्कू. केस पांढरे, गाल आत गेलेले, डोळे मात्र तेच. मांडीवर मृदंग. लेकीनं वरकुट्याहून मागवून घेतला असावा. अजून कापडात गुंडाळलेलाच.

दोघं एकमेकांकडं बघत राहिले. शेवटी तात्याच बोलले.

"म्हस्कू, त्या काल्याला ताल माझा सुटला व्हता. तुझा न्हाय."

चित्र गोठलं की माणूस, ते समजेना. मग आवाज आला, कातरलेला, पण हसरा.

"ठावं हाय, सावळ्या. ते तवाच ठावं व्हतं. तू कवा म्हनतोस, त्याची वाट बघत व्हतो. पदराआडनं बघत बसायचो, आज तरी म्हनंल का."

"मग सोड की ते कापड!"

म्हस्कूनं गाठ सोडली. बोटं मृदंगावर ठेवली. ओस मंडपात वीणेची तार छेडली गेली आणि तात्यांनी नामाला सुरुवात केली, 'विठ्ठल विठ्ठल' म्हणत पहिलं पाऊल टाकलं. फोनमधून ठेका आला.

एक क्षण उशिरा.

तात्यांनी दुसरं पाऊल टाकलं. ठेका पुन्हा तसाच, पाऊल पडून गेल्यावर मागून येणारा. प्रतिक्षाचा चेहरा पडला. "तात्या, त्यांचं चुकत न्हाय," ती कुजबुजली. "आवाज यायला नेट तेवढा वेळ घेतं."

तात्यांनी मान हलवली. त्यांनी पुढचं पाऊल उचललं, आणि ते हवेतच धरलं. बारामतीहून थाप यायची वाट पाहिली. थाप आली. मग पाऊल टेकवलं.